मिल्काबाईंची उतरणारी अक्षरं

"लॅपटॉपवरची तुझी ती विंडो रोज उघडली की मधोमध येऊन बसते. जावयासारखी!" मिल्काबाई फोनवर म्हणाल्या. "रोज तिला उचलून जागेवर न्यायची. मी थिएटरात भाषांतर दाखवायला बसते का फर्निचर हलवायला?"

राडोस्तिनच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात बानित्साचा, म्हणजे चीज भरलेल्या खारीचा, तुकडा. त्याने तो तुकडा घाईघाईने कागदावर ठेवला. शाळेत याच बाईंनी त्याला इटालियन शिकवलं होतं. आता तो स्वतः दोन मुलांचा बाप होता, कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहून पोट भरत होता, तरी बाईंचा आवाज आला की तोंडात घास ठेवायची त्याची हिंमत होत नसे.

"उद्यापासून नाही बसणार, बाई. जिथे सोडाल तिथेच उघडेल. जागा आणि आकार, दोन्ही लक्षात ठेवेल."

"बघ हं. आमच्याकडे चष्मा कुठे ठेवला हे लक्षात न राहणारा एक माणूस आहे, तेवढा पुरे."

नदीकाठच्या आमच्या डुनावेत्स गावच्या थिएटरात बऱ्याच वर्षांनी ऑपेरा होणार होता. गाणं इटालियन, त्यामुळे गाणारा गाऊ लागला की रंगमंचाच्या वर टांगलेल्या आडव्या काळ्या पडद्यावर त्या ओळीचा अर्थ आपल्या भाषेत उमटायचा. बाल्कनीमागच्या खोपटात मिल्काबाई लॅपटॉप घेऊन बसायच्या आणि नेमक्या क्षणी बटण दाबायच्या. भाषांतरही त्यांचंच. उन्हाळाभर त्या एकेका ओळीशी भांडल्या होत्या. "मासळीबाजारातल्या बायकांना कळलं पाहिजे, आणि तरी गाणं वाटलं पाहिजे," असं त्या म्हणायच्या.

या खेळावर बरंच अवलंबून होतं. थिएटरची इमारत एका सोफेवाल्याला भाड्याने द्यावी असं नगराध्यक्षांच्या मनात होतं. दिग्दर्शक झाहारी कुत्सारोव्ह यांनी हातापाया पडून एक संधी मागून घेतली होती. नगराध्यक्ष म्हणाले होते, "पहिला खेळ भरला तर थिएटर. नाही भरला तर सोफे." झाहारींनी मग नदीपलीकडून, रुमानियातून, ओव्हिदिऊ नावाचा दांडगा गायक आणला. त्याचा आवाज इतका मोठा होता, की तो आमच्या काठावर गायला तर त्याच्या आईला तिकडे ऐकू जाईल, असं गावात बोललं जायचं.

राडोस्तिनने दिलेला शब्द पाळला. विंडो हलवली की प्रोग्राम तिची जागा टिपायचा, ताणली की आकार टिपायचा, आणि पुन्हा उघडताना तिला बरोबर तिथेच आणून ठेवायचा. शिवाय त्याने हौसेने आणखी एक सोय केली. विंडो मोठी केली की अक्षरं मोठी आणि लहान केली की लहान. विंडोच्या डोक्यावर धरून ओढायची पट्टी असते, ती त्याने काळी रंगवली. काळ्यावर काळं, प्रेक्षकांना दिसणारच नाही. त्याने विंडो एकदा हलवली, बंद केली, उघडली. आली जागेवर. त्याने उरलेली बानित्सा समाधानाने संपवली.

आली होती ती जवळजवळ जागेवर. घोटाळा त्या 'जवळजवळ'मध्ये होता. भिंतीवरचा फोटो उतरवताना चौकट सोडून नुसत्या फोटोच्या वरच्या कडेची उंची मोजावी आणि परत टांगताना त्याच उंचीवर चौकटीची कड लावावी, तसं त्याच्या हातून झालं होतं. टिपताना पट्टीखालची जागा टिपली जायची, आणि उघडताना पट्टीच त्या जागेवर बसायची. म्हणजे विंडो उघडली की दर वेळी एक पट्टीभर खाली. लॅपटॉपवर हे बोटाएवढं. प्रोजेक्टरमधून थिएटरात गेल्यावर चांगलं वीतभर.

राडोस्तिन स्वतः कुठलाच प्रोग्राम बंद करत नसे. त्याच्या कॉम्प्युटरवर महिनामहिना सगळं उघडंच असायचं. मिल्काबाईंची शिस्त वेगळी. गायक पाणी प्यायला थांबला की त्या प्रोग्राम बंद करायच्या. वापर नसेल तर दिवा कशाला जळत ठेवायचा?

तालमी सुरू झाल्या आणि अक्षरं उतरू लागली.

पहिल्यांदा दिसलं झाहारींना. "एव्हलोगी! पडद्याचा दोर ढिला सोडलास का? अक्षरं खाली आलीत!"

एव्हलोगी हा थिएटरचा सुतार, वायरमन आणि पडदा ओढणारा. त्याने दोर तपासला, तो ताठ होता. पण वाद घालण्यापेक्षा काम उरकावं या विचाराने तो बाल्कनीत गेला आणि प्रोजेक्टरच्या पुढच्या पायाखाली त्याने पुठ्ठ्याची घडी सरकवली. प्रोजेक्टरचं नाक वर झालं, अक्षरं वर गेली. झाहारी खूश. मग गायक पाणी प्यायला थांबला, बाईंनी प्रोग्राम बंद करून उघडला, आणि अक्षरं परत खाली.

एव्हलोगीने दुसरी घडी घातली. मग फळीचा तुकडा. मग त्यावर आणखी एक फळी. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. कारण सांगितलं असतं तर 'आधी नीट का बसवला नाहीस' असं ऐकून घ्यावं लागलं असतं. बाईंनीही कुणाला काही विचारलं नाही, कारण खोपटाच्या झरोक्यातून त्यांना रंगमंच दिसायचा, पण वरच्या पडद्याचा एक कोपराच. झाहारी मात्र रोज बघत होते, आणि रोज त्यांच्या कपाळावर एक आठी वाढत होती.

शेवटी त्यांनी एव्हलोगीला बाजूला घेतलं. "खरं सांग. दोर ढिला नाही?"

"नाही, साहेब. आईची शपथ."

"पडदा सरकत नाही?"

"खिळे ठोकलेत."

"म्हणजे पडदा जागेवर आहे, आणि तरी अक्षरं उतरतात." झाहारींनी आवाज खाली आणला. "प्रोजेक्टर कुठे आहे? बाल्कनीत. एव्हलोगी, बाल्कनी खचतेय!"

एव्हलोगीला फळ्यांबद्दल बोलायची ही शेवटची संधी होती. पण झाहारींचा चेहरा इतका पांढरा पडला होता, की त्याला वाटलं, असेलही. दिग्दर्शक शिकलेला माणूस आहे.

डुनावेत्समध्ये गुपित टिकवायचं तर ते कुणालाच सांगून चालत नाही. झाहारींनी बायकोला सांगितलं. संध्याकाळपर्यंत सूर्यफुलाच्या बिया विकणाऱ्या म्हाताऱ्याला कळलं, की थिएटर नदीत चाललंय. सकाळी नगराध्यक्ष इंजिनिअर स्पिरोव्हना घेऊन हजर. स्पिरोव्हनी बाल्कनीखाली उभं राहून वर पाहिलं, आणि गिलाव्यात एक भेग सापडली. भेग शोधणाऱ्या इंजिनिअरला भेग सापडतेच.

"बाल्कनी बंद," स्पिरोव्ह म्हणाले, आणि जिन्यावर लाल पट्टी बांधली.

"बाल्कनी बंद म्हणजे निम्मी माणसं बाहेर!" झाहारी ओरडले. "मग हॉल भरणार कसा?"

नगराध्यक्षांनी हात पसरले. "झाहारी, माझ्या हातात काय आहे? माणसांच्या डोक्यावर बाल्कनी पडली तर? सोफ्यावर पडली तर निदान सोफाच मोडेल."

बाल्कनी बंद म्हणजे मागचं खोपटही बंद. मिल्काबाई लॅपटॉप काखोटीला मारून घरी आल्या. दारोदारी मिरच्या भाजण्याचे दिवस, साऱ्या गल्लीत धूर. बाई स्वयंपाकघरात बसल्या आणि शेवटच्या अंकातली एक ओळ मनासारखी नव्हती ती बदलू लागल्या. ओळ बदलली, प्रोग्राम बंद केला. उघडला. पुन्हा बदलली. बंद, उघडा. मग त्यांनी चष्मा पुसला आणि स्क्रीनकडे नीट पाहिलं.

लगेच फोन.

"राडोस्तिन, मला एक सांग. माझं स्वयंपाकघर खचतंय का रे?"

"काय झालं, बाई?"

"थिएटर खचतंय म्हणून अक्षरं खाली येतात म्हणे. इथे माझ्या टेबलावरही येतायत! नवऱ्याला विचारलं, तर म्हणतो जमीन ठीक आहे, तू मिरच्या परत."

मग राडोस्तिन अगदी लहान आवाजात म्हणाला, "बाई... किती वेळा उघडलीत विंडो?"

"माणूस श्वास किती वेळा घेतो ते मोजतो का?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिला खेळ होता. राडोस्तिन बाईंना घेऊन सकाळीच थिएटरात पोचला. नगराध्यक्ष, इंजिनिअर, झाहारी सगळे जिन्याशी उभे होते. राडोस्तिनने बाईंचा लॅपटॉप तिकीट खिडकीच्या फळीवर ठेवला.

"इथे बघा," तो म्हणाला. त्याने विंडो बंद करून उघडली. "खाली आली." पुन्हा बंद, पुन्हा उघडली. "आणखी खाली आली. ही बाल्कनीत नाही, तिकीट खिडकीत आहे. चूक माझी आहे. इमारत जशीच्या तशी आहे."

झाहारींनी स्वतः बटण दाबून पाहिलं. मग नगराध्यक्षांनी पाहिलं. मग पुन्हा झाहारींनी. विंडो आज्ञाधारकपणे उतरत उतरत स्क्रीनच्या तळाशी गेली.

"मग भेग?" नगराध्यक्षांनी इंजिनिअरकडे वळून विचारलं.

स्पिरोव्हनी मान खाजवली. शिडी मागवली, भेगेत नख घातलं, पेचकस घातला, आतली वीट ठोकून पाहिली. खाली उतरून म्हणाले, "नुसता गिलावा आहे. भिंत दगडासारखी. माझ्या आजोबांच्या लग्नातही ही भेग अशीच असणार."

"काल का नाही बोललात?"

"काल तुम्ही सगळे म्हणत होतात, खचतेय. मी एकटा काय बोलणार?"

लाल पट्टी सुटली. झाहारींनी राडोस्तिनला दोन्ही गालांवर मुके देऊन शिव्या घातल्या, पुन्हा मुके दिले. राडोस्तिनने जिन्यावरच बसून चूक दुरुस्त केली. टिपायची तीही पट्टीची जागा, आणि उघडायचं तेही पट्टीच्याच जागेवर. बाईंनी लॅपटॉपवर विंडो तिच्या मूळ जागी, अगदी वर नेऊन ठेवली. बंद केली, उघडली. तसूभर हलली नाही.

"शाबास," बाई म्हणाल्या. शाळेत हा शब्द त्याला कधी मिळाला नव्हता. त्याचे कान लाल झाले.

प्रोजेक्टर लावून बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी किल्ली एव्हलोगीकडे, आणि एव्हलोगी घरी मिरच्या भाजत होता. प्रोजेक्टरखालच्या पुठ्ठ्यांबद्दल आणि फळ्यांबद्दल त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी थिएटर खचाखच भरलं. खचणारं थिएटर बघायला निम्मं गाव आलं होतं. नगराध्यक्ष पुढच्या रांगेत बसले, शेजारी तो सोफेवाला. राडोस्तिन खोपटात बाईंच्या मागे उभा राहिला. एव्हलोगी ऐन वेळी धापा टाकत आला, अंगाला धुराचा वास, त्याने प्रोजेक्टर चालू केला आणि तो पडदा ओढायला खाली पळाला.

पडदा उघडला. समुद्रकिनारा, एक होडी, होडीत ओव्हिदिऊ. त्याने छाती भरून पहिली ओळ फेकली. बाईंनी बटण दाबलं.

काळा पडदा कोराच राहिला.

मग कुणीतरी वर बोट दाखवलं. रंगमंचाच्या कमानीवर चुन्याचे गोंडस देवदूत आहेत, पाठमोरे आणि कपड्यांविना. त्यांच्यातल्या सर्वांत गुबगुबीत देवदूताच्या बैठकीवर सुंदर पांढऱ्या अक्षरांत उमटलं होतं: 'हे पौर्णिमेच्या चंद्रा, तुला पाहून मी वाट विसरलो.'

थिएटर फुटलं. बाया तोंड लपवून नव्हे, उघड उघड हसत होत्या. सोफेवाला नगराध्यक्षांच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होता. ओव्हिदिऊला काही कळेना. त्याने पँटची बटणं चाचपून पाहिली आणि पुढची ओळ दुप्पट जोराने गायली. ती दुसऱ्या देवदूतावर गेली.

"राडोस्तिन!" बाई कुजबुजल्या, पण ती कुजबूज शाळेच्या मैदानापलीकडे जाणारी होती.

"खाली ओढा, बाई! माऊसने धरा आणि खाली!"

बाईंनी विंडो धरून खाली ओढली. त्याच क्षणी, पडद्याआडून हा प्रकार पाहून गाळण उडालेला एव्हलोगी जिना चढून बाल्कनीत पोचला होता. त्याने प्रोजेक्टरखालच्या फळ्या आणि सगळे पुठ्ठे एका हिसक्यात उपसले. दोघांनी एकाच वेळी दुरुस्ती केली. त्यामुळे अक्षरं देवदूतांवरून निघाली, काळ्या पडद्यावर न थांबता खाली आली, आणि ओव्हिदिऊच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर येऊन थांबली.

'माझं काळीज या होडीसारखं डोलतंय.'

ओव्हिदिऊ गाता गाता डोलत होता. सदऱ्यावरची अक्षरंही डोलत होती. पुन्हा हशा झाला, पण हा वेगळा होता. यात टाळ्या मिसळल्या होत्या. ओव्हिदिऊने खाली, आपल्या छातीकडे पाहिलं. तो होडीतून उतरून दोन पावलं डावीकडे गेला. अक्षरं हवेत एकटी राहिली.

बाईंचा हात माऊसवरच होता. त्या उन्हाळाभर या माणसाच्या ओळींबरोबर जगल्या होत्या. त्याला असं एकट्याला सोडणं त्यांना जमेना. त्यांनी विंडो डावीकडे सरकवली. अक्षरं चालत चालत त्याच्या खांद्यापाशी येऊन उभी राहिली.

ओव्हिदिऊ हाडाचा नट होता. तो उजवीकडे पळाला, अक्षरं मागून पळाली. तो थबकला, अक्षरं थबकली. त्याने हात वर फेकला, तशी 'समुद्रा, तिला माझा निरोप सांग!' ही ओळ उडून होडीच्या शिडावर जाऊन बसली. बाल्कनीतून कुणीतरी शिट्टी वाजवली.

झाहारी केस विस्कटून खोपटात घुसले. "बंद करा! परत वर न्या! माझा ऑपेरा—"

"गप्प बसा," मिल्काबाई मागे न बघता म्हणाल्या. "आता ती येणार आहे."

नायिका आली. तिचा बाप, सरदार, तलवार घेऊन मागोमाग आला. बाप गरजला.

"बाई, कोपरा ओढा. कोपरा!" राडोस्तिन त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला. बाईंनी विंडोचा कोपरा ताणला. 'नाही!' हा एकच शब्द फुगत फुगत सबंध रंगमंचभर झाला. पुढच्या रांगेतले नगराध्यक्ष खुर्चीत मागे सरकले.

मग मात्र हसू थांबलं. लोक बघायला लागले. भांडण झालं की बाई शब्द दोघांच्या मध्ये टांगून ठेवायच्या. ओव्हिदिऊ नायिकेची समजूत काढायचा तेव्हा शब्द हळूच तिच्या बाजूला झुकायचे. झाहारी दाराला टेकून उभे होते. मध्येच ते दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, आता तो पाठ फिरवेल. शब्द तिच्या पायाशी टाकाल?" बाईंनी टाकले.

शेवटच्या अंकात नायिका किनाऱ्यावर पडली होती. ती इतकं हळू गायली, की मागच्या रांगांना सूर पोचला की नाही कुणास ठाऊक. बाईंनी विंडो लहान केली, आणखी लहान, आणि तिच्या ओठांपाशी नेऊन ठेवली. आदल्या दिवशी स्वयंपाकघरात बदलली होती तीच ती ओळ: 'दार उघडं ठेव. मी येतेच आहे.' वाचण्यासाठी सारं थिएटर एकदम पुढे झुकलं. मासळीबाजारातल्या बायका तोंडावर हात ठेवून बसल्या होत्या. बाईंनी तो शब्दांचा ठिपका अगदी सावकाश पाण्याकडे नेला आणि रंगवलेल्या लाटांमध्ये सोडून दिला.

मग थिएटर उभं राहिलं.

झाहारी धावत खाली गेले आणि सर्वांत पुढे उभे राहून वाकले. "ही कल्पना बरेच दिवस माझ्या मनात घोळत होती," असं ते नगराध्यक्षांना म्हणालेही. पण ओव्हिदिऊने त्यांना खांद्याला धरून बाजूला केलं आणि बाल्कनीकडे हात केला. "ती बाई कुठे आहे? जिने मला रात्रभर पळवलं ती? तिला आणा, नाहीतर मी वर येतो!"

मिल्काबाई खोपटातून बाहेर आल्या. अंगात घरचा लोकरी स्वेटर, चष्मा कपाळावर. त्यांना आधी वाटलं, काही चुकलं म्हणून बोलावताहेत. खाली नजर गेली तर सारं गाव त्यांच्याकडे तोंड करून टाळ्या वाजवत होतं. सगळ्यांत जोरात सोफेवाला वाजवत होता. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि तो नगराध्यक्षांना सांगत होता, "इथे सोफे? लाज वाटली पाहिजे मला!"

पुढचे सगळे खेळ भरले. नदीपलीकडून होड्या भरून माणसं येऊ लागली.

महिनाभराने राजधानीतल्या एका मोठ्या थिएटरातून राडोस्तिनला फोन आला. चालणाऱ्या अक्षरांची कीर्ती ऐकून त्यांनी त्याचा प्रोग्राम मागवून घेतला होता. बोलणारा माणूस चांगलाच घुश्श्यात होता.

"अहो, हा प्रोग्राम बिघडलेला आहे! विंडो हलतच नाही. जिथे ठेवतो तिथेच राहते. बंद करून उघडली तरी तिथेच!"

राडोस्तिनला आयुष्यात इतकी गोड तक्रार कधी ऐकायला मिळाली नव्हती. त्याने ती पुन्हा एकदा सांगायला लावली. मग म्हणाला, "त्यासाठी बाई लागतात. थांबा, देतो."

मिल्काबाई समोरच बसल्या होत्या, नव्या ऑपेराचे कागद घेऊन. त्यांनी फोन कानाला लावला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "विंडोजवळ कोण बसतं तुमच्याकडे? त्याला गाणं कळतं का?"

पलीकडून बरंच काही ऐकू आलं. साहेबांचं पद, मोठं नाव, गाडी पाठवण्याची तयारी, राहण्याची सोय.

"शनिवारी? नाही जमायचं हो," बाई म्हणाल्या. "शनिवारी आमचा खेळ आहे. तुम्हीच या की इकडे. लवकर या मात्र, नाहीतर उभं राहून बघावं लागेल."

शनिवारी ते आले. राजधानीचं अख्खं मंडळ आलं, दिग्दर्शकासकट. उशिरा आले, आणि उभं राहून पाहिलं.